हापूस, हेलियम आणि गोथेनबर्ग

देवगड म्हटलं, की ऑफिसातल्या कुणालाही एकच गोष्ट आठवते. एप्रिलचा उकाडा, सोसायटीच्या गेटवर उभा राहिलेला टेम्पो, पेंढ्यात झोपलेला हापूस आणि 'डझनाला काय भाव?' हा आपला राष्ट्रीय प्रश्न. आपल्यापैकी बहुतेकांनी देवगड खाल्लेलं असतं, पाहिलेलं मात्र नसतं. कोकणात जायचं ठरलं की गाडी एकतर गणपतीपुळ्याला वळते, नाहीतर थेट मालवण-तारकर्ली गाठते. हायवेला नांदगावजवळ पाटी दिसते, 'अरे, हेच का ते आंब्याचं?' असं मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतं आणि गाडी पुढे निघून जाते.

तर मंडळी, पुढच्या वेळी गाडी वळवा. आणि शक्यतो आंब्याच्या दिवसांत नको, जानेवारीत वळवा. आंबा तेव्हा खायला मिळत नाही, पण त्याचा वास मिळतो. मोहराचा. सकाळी सात वाजता बागेत उभं राहिलं की थोडा गोड, थोडा तुरट, किंचित उग्र असा एक वास नाकात शिरतो. एसीत आठ-दहा तास काढणाऱ्या नाकाला तो पहिल्यांदा झेपतच नाही.

मी गेले ते ऑफिसातल्या मैत्रिणीच्या घरी. ती मूळची देवगडची, मी पक्की पुणेकर. चिंचवडला आमचा मजला एकच. ती गिअरबॉक्सची कंपनं मोजते, मी त्या मोजणीचे रिपोर्ट बनवते. शुक्रवारी रात्रीच्या बसमध्ये बसलो तेव्हा तिच्या बॅगेत घरच्यांसाठी दोन किलो बाकरवडी होती आणि एक घडी घातलेला प्रिंटआउट. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या एका विद्यापीठाने तिला इंजिनिअरिंगमध्ये पीएचडीची जागा देऊ केली होती. उत्तर द्यायला दहा दिवस होते. घरी अजून कुणालाच माहीत नव्हतं.

"मला कशाला नेतेयस मग?" मी विचारलं.

"पाहुण्यांसमोर बाबा ओरडत नाहीत," ती म्हणाली आणि पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपून गेली.

कातळावरचं गाव

देवगडला उतरलं की आधी कळतो तो सडा. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं लांबच लांब पठार. उन्हाळ्यात काळं-तांबडं, पावसाळ्यात रानफुलांनी भरलेलं. या दगडावर आंबा येतो हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. इथल्या लोकांनी कातळ फोडला, खड्डे केले, बाहेरून माती आणून भरली आणि त्यात कलमं लावली. पहिल्या पिढीने दगड फोडायचा, दुसरीने आंबा खायचा, असा हा हिशोब. मैत्रिणीच्या आजोबांनी लावलेली कलमं आता तिचे बाबा सांभाळतात. त्यांनी मला एका झाडाखालची माती पायाने सारून दाखवली. वीतभर खाली टणक कातळ लागला. मुळं त्याच्या भेगांमधून वाट काढत गेली होती.

शनिवारी सकाळी घरी चहाला वेळ नव्हता. बागेत फवारणी चालू होती. मोहर आला की तुडतुडे येतात, थ्रिप्स येतात, एखाद्या रात्री ढग भरून येतात आणि सगळ्यांचा रक्तदाब वाढतो. आंब्याला मोहर यायला थंडी लागते. थंडी कमी पडली तर झाड मोहराऐवजी नवी पालवी काढत बसतं. मोहर आल्यावर अवेळी पाऊस पडला तर तो काळा पडून गळतो. म्हणजे वर्षभराची मिळकत दोन-तीन महिन्यांच्या हवामानावर. आपल्याकडे अप्रेझल खराब गेलं तर निदान पगार तरी चालू राहतो. इथे तेही नाही.

काका म्हणजे मैत्रिणीचे बाबा. मोजकं बोलणारे. फवारणीचा पंप बंद झाल्यावर आमच्याकडे बघून म्हणाले, "फिरून येवा. जेवूक वेळेत येवा."

आम्ही फिरून आलो. देवगडचा किल्ला गावाला लागूनच समुद्रात घुसलेल्या टोकावर आहे. आंग्र्यांनी बांधलेला आणि एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतलेला. आता तटबंदीचे भाग, गणपतीचं देऊळ आणि १९१५ पासूनचं दीपगृह एवढं दिसतं. खाली बंदर. ट्रॉलर परतीच्या वेळेला आलो असतो तर मासळीचा लिलावही बघता आला असता. दुसऱ्या बाजूला वाळूचा किनारा, आणि त्याच्या डोक्यावर एक उंच सडा, ज्याला सगळं गाव 'पवनचक्की' म्हणतं.

पवनचक्कीवर

पुण्या-मुंबईच्या माणसाला पवनचक्की म्हणजे सातारा, चाळकेवाडी. पण १९८० च्या दशकाच्या मध्यात भारतात वाऱ्यावर वीज बनवून बघण्याचे जे पहिले सरकारी प्रयोग झाले, त्यांत कोकण किनाराही होता आणि देवगडचा हा सडाही. त्या पिढीतल्या टर्बाइनची ताकद साधारण ५५ किलोवॅट. आज समुद्रात उभी राहणारी मोठी टर्बाइन १५ मेगावॅटची असतात, म्हणजे त्या जुन्या २७० टर्बाइनइतकी एकटी. मैत्रीण शाळेत असताना रोज संध्याकाळी इथे यायची. पाती फिरताना ऐकू येणारा आवाज तिला अजून तोंडाने काढून दाखवता येतो. आवाज बदलला की काहीतरी बिघडलंय हे तेव्हा शाळेतल्या पोरांनाही कळायचं, असं तिचं म्हणणं.

तिला मिळालेली जागा नेमकी यावरच आहे. चालत्या टर्बाइनच्या कंपनांवरून त्याच्या आत कुठे नुकसान सुरू झालंय, हे आधीच ओळखायचं. गोथेनबर्गच्या बाहेर ब्यॉर्को नावाचं बेट आहे. तिथे २०२० मध्ये चक्क लाकडाचा, ३० मीटर उंचीचा पवनचक्कीचा मनोरा उभारला गेला. लाकूड चिकटवून केलेला! त्याचा फोटो तिने मला पवनचक्कीच्याच कट्ट्यावर बसून मोबाइलवर दाखवला. खाली देवगडचा समुद्र, मोबाइलमध्ये तिकडचा.

तसं गोथेनबर्ग आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. चिंचवडची एसकेएफ तुम्हाला माहीत असेलच. ती कंपनी १९०७ मध्ये गोथेनबर्गला सुरू झाली. दापोडीला अल्फा लावल, अॅटलास कॉप्को, सँडविक या सगळ्या स्वीडिश. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर किती घरांच्या चुली या स्वीडिश पगारावर पेटल्या, त्याला गणती नाही. आणि त्याही आधीचा धागा म्हणजे चाल्मर्स. गोथेनबर्गचं हे नावाजलेलं तंत्रविद्यापीठ १८२९ मध्ये ज्याच्या मृत्युपत्रातल्या पैशातून सुरू झालं, तो विल्यम चाल्मर्स स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक होता. हो, स्वीडनचीही एक ईस्ट इंडिया कंपनी होती, १७३१ पासून. तिची जहाजं मुख्यतः चीनला जायची, पण काही सुरतेलाही आली. सुरतेचा रस्ता याच किनाऱ्यासमोरून.

शिकूक पगार?

दुपारी जेवताना विषय निघाला. सुरमईची तुकडी, सोलकढी आणि आंबेमोहोर तांदळाचा भात समोर असताना असले विषय काढू नयेत. पण दहा दिवसांतले तीन संपले होते.

मैत्रिणीने एका दमात सांगून टाकलं. काकूंचा हात वाढता वाढता थांबला. काकांनी घास संपवला आणि म्हणाले, "आणि खर्च किती?"

"खर्च नाही बाबा. ते पगार देतात."

"शिकूक पगार देतत? कित्याक?"

इथे माझी नेमणूक झाली, दुभाषी म्हणून. आणि हा प्रश्न फक्त काकांचा नाही, आपल्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांचा आहे, म्हणून जरा नीट सांगते.

आपल्या डोक्यात परदेशात शिकणं म्हणजे लोन, को-सायनर आणि घराचे कागद बँकेत. स्वीडनमध्ये बॅचलर्स आणि मास्टर्ससाठी ते खरंच आहे. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०११ पासून तिथे फी भरावी लागते. पण पीएचडीला फी नाही. इंजिनिअरिंगमध्ये पीएचडीचा विद्यार्थी हा बहुतेक वेळा विद्यापीठाचा नोकरदार असतो. जागा नोकरीसारखी जाहीर होते. जाहिरातीला क्रमांक असतो, शेवटची तारीख असते, विषय ठरलेला असतो. निवड झाली की महिन्याला पगार, पगारातून कर, पेन्शन, आजारपणाची रजा, वर्षाला निदान २८ दिवस सुट्टी. मूल झालं तर आईबाप मिळून ४८० दिवसांची भत्त्यासह रजा, आणि तेवढे दिवस पीएचडीची मुदत पुढे.

पगार सुरुवातीला महिन्याला साधारण ३०,००० ते ३५,००० क्रोना, कर कापायच्या आधी. कर जातो सुमारे पाव भाग. आता लगेच मोबाइलवर रुपयांत गुणाकार करू नका, कारण कॉफीचाही गुणाकार करावा लागेल! या पगारात एकटा माणूस नीट राहतो, थोडं मागे टाकतो. श्रीमंत होत नाही. आमच्या मैत्रिणीच्या हुद्द्यावर राहून पुण्यात फ्लॅटचं बुकिंग होऊ शकलं असतं. ते चार-पाच वर्षं पुढे जाणार होतं.

काकांनी शांतपणे ऐकलं. मग त्यांचे प्रश्न आले, आणि ते एचआरच्या प्रश्नांपेक्षा बरे होते.

"करार कितको वर्सांचो?"

अभ्यास पूर्ण वेळाचा चार वर्षांचा. त्यातला वीस टक्क्यांपर्यंत वेळ शिकवण्याला किंवा खात्याच्या कामाला दिला तर सगळं मिळून पाच वर्षं. पण करार एकदम पाच वर्षांचा मिळत नाही. पहिला जास्तीत जास्त एक वर्षाचा, नंतर एका वेळी दोन वर्षांपर्यंत वाढवत नेतात.

"म्हणजे झाडां करारान दिल्यासारख्या," काका म्हणाले. इथे काही बागायतदार आपली कलमं मोसमापुरती व्यापाऱ्याला देतात, त्यातली गोम त्यांना पक्की माहीत. "आणि मदीच सोडूचा पडला तर?"

यालाही उत्तर आहे. निम्म्या वाटेवर 'लायसेन्शिएट' नावाची पदवी घेता येते. साधारण दोन वर्षांच्या कामाची. ती घेऊन माणूस कंपनीत जाऊ शकतो, हात हलवत परत यावं लागत नाही.

"थंडी?"

गोथेनबर्गला डिसेंबरात सूर्य नऊच्या आसपास उगवतो आणि साडेतीनला मावळतो. हे आम्ही सांगायला नको होतं. काकूंनी भाताचं पातेलं झाकलं आणि म्हणाल्या, "जेवणाचा काय करतलंस थंय?" काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आंब्याकय थंडी लागता. पण इतकी? कलमां करपान जातली."

होकार नाही, नकार नाही. उठले, हात धुतले, आणि बागेत गेले.

विजयदुर्गचा कट्टा

रविवारी सकाळी काकांनी स्वतःहून गाडी काढली. "विजयदुर्ग दाखवतंय तुका," हे मला उद्देशून. विजयदुर्ग देवगड तालुक्यातच, पाऊण-एक तासावर. वाटेत गिर्ये, रामेश्वराचं देऊळ, दोन्ही बाजूंना कलमं आणि मध्येच खाडीचं दर्शन. शिवाजी महाराजांनी १६५३ मध्ये हा किल्ला घेतला. तिहेरी तटबंदी, तिन्ही बाजूंनी पाणी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिलेल्या बारा किल्ल्यांत हाही आहे. तुळाजी आंग्र्यांचं आरमार इथून निघायचं. ती स्वीडिश जहाजं सुरतेला आली त्या काळात किल्ल्यावर तेच होते. १७५६ मध्ये इंग्रज आणि पेशवे दोघांनी मिळून त्यांना संपवलं.

किल्ल्यात एक चौथरा आहे. लोक त्याला 'साहेबाचा कट्टा' म्हणतात. "सायबान हंयसून सूर्य बघितल्यान," काका म्हणाले, "आणि हेलियम गावला." दरवर्षी १८ ऑगस्टला इथे हेलियम दिवस साजरा होतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर नावाच्या साहेबाने इथून हेलियम शोधला, अशी ही गोष्ट.

विज्ञानाच्या इतिहासात ती थोडी वेगळी आहे. त्या ग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून आत शिरून विजापूर, जमखंडी, गुंटूर करत मछलीपट्टणपर्यंत गेली हे खरं. पण फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन तेव्हा गुंटूरला होता आणि नॉर्मन लॉकियर इंग्लंडमध्ये. सूर्याच्या प्रकाशातली ती पिवळी रेषा लॉकियरने ऑक्टोबरमध्ये तिकडूनच पाहिली. पृथ्वीवरच्या ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अनोळखी पदार्थाला हेलियम म्हटलं गेलं. कट्ट्यावर बसून हे सांगताना मला वाटलं काका चिडतील. ते म्हणाले, "सावली तरी हंयसून गेली मा?" तेवढ्यावर ते समाधानी होते.

पण खरी मजा पुढे आहे आणि ती मैत्रिणीने सांगितली. पत्र आल्यापासून ती स्वीडनबद्दल मिळेल ते वाचत होती. प्रकाशाच्या रेषांची लांबी मोजायचं जे एकक आपण बारावीत घोकलं, ते अँगस्ट्रॉम. ते ज्याच्या नावाचं, तो अँडर्स अँगस्ट्रॉम स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात प्राध्यापक होता. त्याने सूर्यप्रकाशातल्या रेषांची मोठी मोजणी प्रसिद्ध केली तीही १८६८ मध्येच. म्हणजे ग्रहणाची सावली कोकणावरून गेली त्याच वर्षी!

पुढे सत्तावीस वर्षं हेलियम फक्त सूर्यावर होता. १८९५ मध्ये लंडनला विल्यम रॅमसेला तो एका युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत सापडला. त्या खनिजाचं नाव क्लीव्हाइट. उप्सालाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक पेर टेओडोर क्लीव्ह, त्यांच्या नावावरून. आणि त्याच वर्षी खुद्द क्लीव्ह आणि त्यांच्या प्रयोगशाळेतला एक तरुण संशोधक, आब्राहम लांगलेट, यांनीही स्वतंत्रपणे तो वायू मिळवला आणि त्याचा अणुभार मोजला. हा लांगलेट जन्मला १८६८ साली. पुढे तो कुठे शिकवायला गेला माहितेय? गोथेनबर्गला, चाल्मर्समध्ये.

"आणि बाबा," मैत्रीण म्हणाली, "त्या क्लीव्हची मुलगी होती. आस्ट्रिड. १८९८ मध्ये ती डॉक्टर झाली. स्वीडनमध्ये विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली बाई. वय तेवीस."

"तेवीस? तू अठ्ठावीसची."

"म्हणूनच घाई आहे."

काका हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा.

भाड्याचं बिऱ्हाड

सगळंच गोड नाही, आणि ते सांगणारा माणूस शेजारीच निघाला. वाडीतल्याच एका घरातला मुलगा लुंडला पोस्टडॉक करतो, तो सुट्टीवर आला होता. रविवारी संध्याकाळी ओटीवर चहा घेता घेता त्याने आम्हाला पुढची पायरी समजावली.

पोस्टडॉक म्हणजे डॉक्टर झाल्यावरची नोकरी. स्वीडनमध्ये ती साधारण दोन ते तीन वर्षांची असते, आणि पीएचडी होऊन तीन वर्षांच्या आत असलेल्यांना प्राधान्य. पगार पीएचडीपेक्षा चांगला, काम स्वतःच्या जबाबदारीवर, प्रोफेसरला नावाने हाक मारायची आणि दुपारी तीनला सगळ्यांनी मिळून 'फिका' करायचा. फिका म्हणजे कॉफी आणि दालचिनीचा पाव. तो चुकवणं म्हणजे जवळजवळ गैरहजेरी. आपल्याकडच्या टपरीसारखंच, फक्त कटिंगशिवाय.

"पण हे भाड्याचं बिऱ्हाड आहे," तो म्हणाला. मुदत संपली की पुढचं शोधायचं. एका प्रोफेसरच्या हाताखाली दहा पोस्टडॉक होतात, प्रोफेसरची जागा एकच असते. कायमच्या रहिवासाचे नियम २०२१ मध्ये कडक झाले. तेव्हापासून करार किती महिन्यांचा शिल्लक आहे, यालाही महत्त्व आलं. चार वर्षं पीएचडी केली की कायम राहता येतं असा हिशोब करून आलेल्यांचं तेव्हा गणित चुकलं. घरांची तीच कथा. चांगल्या भाड्याच्या घरासाठी रांगेत नाव लावायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची, तोवर कुणाच्या तरी घरात सहा-सहा महिने राहायचं. स्वीडिश भाषा आली नाही तर प्रयोगशाळेत चालतं, पण बाहेरच्या नोकरीत अडतं.

"मग परत का नाही येत?" मी विचारलं.

त्याने थोडा वेळ घेतला. "थंय माझ्या चुकीचा प्रयोगाला वर्ष मिळतं," तो म्हणाला. "सहा महिने काम केलं, निकाल आला नाही, तर प्रोफेसर विचारतो, काय शिकलास? इथे मी नोकरीत होतो तेव्हा विचारायचे, कधी संपणार?"

मैत्रीण काही बोलली नाही, पण मी ऑफिसातल्या आमच्या सोमवारच्या मीटिंगा आठवत होते. तिलाही त्याच आठवल्या असणार. आम्हा दोघींच्या पाठीला पाठ लावून असलेल्या टेबलांवर 'कधी संपणार' हेच विचारलं जातं. कामच तसं आहे, गाडी बाजारात यायची असते. तिला कंपनं का होतात हे शोधायचंय आणि तिला पगार मिळतो तो ती थांबवण्याचा. हे ती कधी कुणाला बोलून दाखवत नाही.

खिळा

रात्रीची बस नऊची होती. काकूंनी कोकम, कुळथाचं पीठ आणि फणसपोळीचे डबे भरले. काका ओटीवर बसून होते. अजून होकार आला नव्हता आणि मैत्रिणीने परत विचारलंही नव्हतं.

कशावरून तरी विषय निघाला, की एवढी वर्षं करून शेवटी परीक्षा कशी असते. मैत्रीण सांगू लागली. शेवटी प्रबंधाचं पुस्तक छापतात. मग बाहेरच्या विद्यापीठातला एक जाणकार बोलावतात, त्याला 'विरोधक' म्हणतात. तो सगळ्यांसमोर प्रश्न विचारतो आणि आपण उत्तरं द्यायची. तीन किंवा पाच जणांची समिती निकाल देते. हा कार्यक्रम उघडा असतो, कुणीही येऊन बसू शकतं. आईवडीलसुद्धा.

"आणि त्याच्या साधारण तीन आठवडे आधी," ती म्हणाली, "प्रबंध सगळ्यांना वाचायला खुला झाला हे जाहीर करायला तो खिळ्याने ठोकतात. विद्यापीठातल्या लाकडी फळीवर. ज्याचा त्याने. जुनी पद्धत आहे, अजून चालू आहे."

काकांनी मान वर केली. "खिळ्यान?"

"हो. हातोडा घेऊन."

ते थोडा वेळ गप्प बसले. बागेतून फवारणीच्या औषधाचा आणि मोहराचा मिसळलेला वास येत होता. मग ते उठले, आत गेले आणि पडवीतल्या हत्यारांच्या पेटीत काहीतरी खुडबुड ऐकू आली.

"गो बाय," आतूनच आवाज आला, "खिळो थंय गावतलो मा? नायतर हंयसून घेऊन जा."

काकूंनी डोळ्याला पदर लावला. मैत्रिणीने सोमवारी सकाळी, चिंचवडला पोचल्यावर लंच टाइमची वाट न बघता, उत्तर पाठवून दिलं. रिपोर्टचं काम आता मला दुसऱ्या कुणाबरोबर करावं लागणार. मला त्याचा थोडा राग आहे, आणि बाकी सगळा आनंदच.

देवगडला जायचं असेल तर

कधी : मोहर बघायला डिसेंबर-जानेवारी, आंबा खायला एप्रिल-मे. महाशिवरात्रीला कुणकेश्वरची जत्रा असते. समुद्राला खेटून असलेलं हे देऊळ एरवीही चुकवू नका.

कसं : पुण्याहून कोल्हापूर, राधानगरी, फोंडाघाट, नांदगाव असा रस्ता, गाडीने आठ-नऊ तास धरा. मुंबईकरांना कोकण रेल्वेने कणकवली सोयीचं. कोकणकन्या आणि तुतारी दोन्ही थांबतात. पुढे एसटी किंवा रिक्षा.

काय बघाल : किल्ला आणि दीपगृह, संध्याकाळी पवनचक्कीचा सडा, तांबळडेग-मिठबावचे शांत किनारे आणि विजयदुर्गसाठी एक अख्खा दिवस. कुणाच्या बागेत शिरायचं तर आधी विचारा. मोहराला हात लावू नका.

स्वीडनला अर्ज करायचा असेल तर

नुसतं बी.ई. सहसा पुरत नाही, मास्टर्स लागतं. आपल्याकडचं एम.ई. किंवा एम.टेक. चालतं. जागा त्या-त्या विद्यापीठाच्या नोकऱ्यांच्या पानावर जाहीर होतात. चाल्मर्स, स्टॉकहोमचं केटीएच, लुंड, लिंकोपिंग, उप्साला ही इंजिनिअरिंगची मोठी नावं. जाहिरात इंग्रजीत असते. बायोडेटा, गुणपत्रिका, मास्टर्सचा प्रबंध, दोन शिफारसी आणि 'मला हाच विषय का' हे सांगणारं एक पत्र लागतं. ते पत्र शंभर ठिकाणी एकच पाठवू नका, लगेच कळतं. ज्या गटात जायचंय त्यांचे दोन-तीन शोधनिबंध वाचून मगच लिहा. मुलाखतीत आधी तुमच्या मास्टर्सच्या कामाबद्दल विचारतात, तेव्हा ते धूळ झटकून परत वाचून ठेवा. आणि घरी सांगायला जाताना एखादी मैत्रीण सोबत न्या.